मेघनाला पत्र: एमबीए करायचं, पण कोणतं?

पुणे

प्रिय मेघना,

सप्रेम नमस्कार.

तुझी मेल वाचून हसूच आलं. 'या वयात पुन्हा परीक्षा द्यायला मी वेडी आहे का?' असं विचारतेस, छोट्या मुदतीचं एमबीए हवं म्हणतेस आणि सोबत पाच ठिकाणची माहितीपत्रकंही जोडतेस. म्हणजे करायचं तुझं ठरलंय, कुठे एवढंच राहिलंय. फोनवर तुकड्यातुकड्यांत बोलण्यापेक्षा सलगच लिहिते. माझं रोजचं कामच माणसं घेण्याचं असल्यामुळे यातलं थोडं कळतं, असं समज.

त्या पाचांतले तीन एक वर्षाचे निवासी कोर्स आहेत. ते चांगलेच आहेत, त्यात वाद नाही. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स हा अनुभवी लोकांसाठीचा कोर्स 2006 पासून चालू आहे, हैदराबादची आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) तर 2001 पासूनची. पण फी तीस लाखांच्या पुढे जाते, आणि माहितीपत्रकात न छापलेला खर्च म्हणजे तुझा बुडणारा वर्षभराचा पगार. शिवाय पंचवीस लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता महिन्याला पावणेचौतीस हजारांच्या आसपास बसेल. घराचा हप्ता चालू असताना! शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते हे खरं, पण ती फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षं, आणि तीही जुनी करप्रणाली घेतली तरच. तू गेल्या वर्षी नवीन प्रणालीत गेलीस ना? मग तो हिशेब सोडूनच दे.

दोन वर्षांऐवजी एक वर्ष, म्हणजे एका वर्षाचा पगार वाचला, हे गणित बरोबर आहे. पण ते लागू कुणाला? पाच-सात वर्षं नोकरी केलेल्या, क्षेत्रच बदलायला निघालेल्या मुलांना. सॉफ्टवेअरमधून कन्सल्टिंगमध्ये जायचंय, त्याला ते कॅम्पस, ते प्लेसमेंट, ती ओळखीची माणसं लागतात. तुला नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून उठून मुंबईत कन्सल्टंट व्हायचंय का? नाही. तुला क्वालिटीतून प्लांट हेड व्हायचंय, आणि अप्रेझलला साहेब म्हणाले, 'बाकी सगळं आहे, एमबीए नाही.'

प्लांट हेडच्या जागेसाठी अर्ज येतात तेव्हा आमच्याकडे काय होतं, सांगते. वरून जी मागणी येते तिच्यात 'बी.ई. आणि एमबीए' असं लिहिलेलं असतं. चाळणी लावणारी मुलगी तो रकाना बघते. भरलेला असेल तर रेझ्युमे पुढे जातो. पुढे तो बघणारा माणूस आधी वाचतो ते हाताखाली किती माणसं होती, किती लाइन सांभाळल्या, ग्राहकाकडच्या तक्रारी किती खाली आणल्या. कॉलेजचं नाव तो वाचतो, पण तोवर त्याचं मत निम्मंअधिक झालेलं असतं. पाच वर्षं अनुभवाच्या मुलाचं नेमकं उलट होतं, तिथे कॉलेज आधी दिसतं. तेव्हा तुझ्यासाठी तो रकाना भरणं महत्त्वाचं, आणि तो खऱ्या पदवीने भरणं त्याहून महत्त्वाचं.

म्हणूनच चौथ्या माहितीपत्रकावर मी चिडलेय. ते अकरा महिन्यांचं 'एक्झिक्युटिव्ह' काहीतरी. संस्थेचं नाव मोठं, शिकवणार ऑनलाइन कंपनी, शेवटी प्रमाणपत्र. आणि वर अठरा टक्के जीएसटी. त्यातलं शिक्षण वाईट असतं असं नाही. पण ती पदवी नाही. अर्जात 'एमबीए' लिहिलंस आणि पडताळणीत ते प्रमाणपत्र निघालं, तर उगाच बालंट यायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024 मध्ये 'दहा दिवसांत एमबीए' असल्या नावांच्या कोर्सबद्दल जाहीर सावध केलं होतं, इतकी ही दुकानं फोफावलीत. पदवी द्यायची ती विद्यापीठाने, किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थेने. आयआयएमसुद्धा 2017 चा कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या. आयएसबी आजही पदवी देत नाही, पण तिचं नावच एवढं चालतं की कुणी विचारत नाही. आपल्याला ती चैन परवडणारी नाही. आणि हो, 'शेवटच्या तीन जागा' म्हणून रोज फोन करणाऱ्या त्या पोराला नंबर ब्लॉक करून मोकळं कर.

मग उरलं काय? इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, घरून करायचं एमबीए. फी पूर्ण कोर्सची मिळून साठ-पासष्ट हजारांच्या घरात. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार, म्हणजे मार्चअखेरीच्या धावपळीत एखादा पेपर राहिला तरी आभाळ कोसळत नाही. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. ऑपरेशन्सचा पर्याय आहे, तो तुझ्या कामाचा. आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर तुझ्या गावातच, गंगापूर धरणाच्या वाटेवर. खासगी विद्यापीठांची ऑनलाइन एमबीए लाख-दोन लाखांत होतात, त्यांतली काही बरी आहेत. मात्र कुठलंही असो, त्या सत्राची मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः तपास. एजंटाने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नकोस. प्रवेशासाठी हल्ली याच विभागाचा विद्यार्थी क्रमांक, डीईबी आयडी, काढावा लागतो, तो आधीच काढून ठेव.

तू म्हणशील, ही काही छोट्या मुदतीची पदवी नव्हे. नव्हेच. पण नोकरी चालू, पगार चालू, ओंकारची दहावी घरात राहून, असं सगळं धरलं तर ही दोन वर्षं त्या एका वर्षापेक्षा कितीतरी हलकी पडतात. खडतर भाग वेगळाच आहे: कुणी मागे लागत नाही. असाइनमेंट आपण लिहायच्या, आपणच वेळेत द्यायच्या. रविवारी सकाळी संदीप मिसळ खायला निघाला की पुस्तक उघडायला बसावं लागतं. हे तुला जमेल की नाही, ते पैसे भरण्याआधी बघता येतं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर अकाउंटिंग किंवा फायनान्सचा एखादा कोर्स घे. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर हजार रुपये. आठ-बारा आठवडे टिकलीस तर पुढचं टिकशील. शिवाय ताळेबंद वाचता येणं ही तुझी खरी उणी बाजू आहे, रागावू नकोस. क्वालिटीच्या माणसांना नाकारलेला माल दिसतो, त्याच्यात अडकलेलं भांडवल दिसत नाही.

एक मुद्दा मात्र मला सगळ्यांत मोठा वाटतो. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या, असं आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पण ते झालं सरकारी पातळीवर. तुमच्या कंपनीच्या बढतीच्या धोरणात 'पूर्णवेळ एमबीए' असा शब्द असेल, तर साठ हजारही पाण्यात आणि तीस लाखांचा विचार पुन्हा टेबलावर. हे धोरण साहेबांना ठाऊक असेलच असं नाही. अप्रेझलमध्ये माणूस तोंडाला येईल ते बोलतो. एचआरला मेल कर आणि लेखी उत्तर घे. त्याच मेलमध्ये फी कंपनी भरते का, भरत असेल तर किती वर्षांचा बाँड, तेही विचार. तीन वर्षांचा बाँड असेल तर मी सरळ नाही म्हणेन. साठ हजारांसाठी तीन वर्षं बांधून घेण्यात काय अर्थ आहे? तेवढे तू दिवाळीच्या बोनसमधून भरशील.

आणि उत्तर 'दूरस्थ चालणार नाही' असं आलं, तर मला लगेच कळव. मग तुझा रेझ्युमे मी नव्याने लिहून देते. चाकणला तुझ्यासारखी माणसं शोधणारे दोघे-तिघे तरी माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांची पदवीबद्दल इतकी कटकट नसते.

काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर तेही लिही. एचआरचं उत्तर आलं की जसंच्या तसं मला पाठव, तू त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

तुझी,
वर्षा