दोन पायांवरचा घोडा छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेली प्राण्यांची छायाचित्रं आली. त्यातली दोन कापून मी समोर ठेवली आहेत. एकात मागच्या पायांवर उभा केलेला पांढरा घोडा आहे. लगाम ताणल्यामुळे त्याचा जबडा उघडलाय आणि डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतोय. दुसऱ्यात गॉगल घातलेलं कुत्रं आहे, कान मागे चिकटलेले, मान खाली. दत्तजयंती जवळ आली. सारंगखेड्याला तापीकाठी यात्रा आणि घोडेबाजार भरेल, आपल्याकडे फोटोंचा पाऊस पडेल. त्याआधी हे पत्र पोहोचावं अशी इच्छा आहे.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पळणारा घोडा काढायचा म्हणजे पुढचे पाय पुढे, मागचे पाय मागे, चारही ताणलेले, असंच मी फळ्यावर काढून दाखवायचे. जुन्या चित्रकारांनीही तसंच काढलंय. निवृत्तीनंतर मायब्रिज या छायाचित्रकाराने काढलेली पळत्या घोड्याची छायाचित्रं नीट पाहिली. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टोला त्यांनी १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि धावपट्टीवर आडव्या तारा लावल्या. घोडा तार तोडत गेला तसा एकेक कॅमेरा उघडत गेला. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे त्यात दिसलं, पण ते ताणलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना! म्हणजे मी शेकडो मुलांना चुकीचा घोडा शिकवला. त्या आठवड्यात मुलाचा जुना कॅमेरा मागून घेतला. आता डोळ्यांनी नीट बघायचं, मगच बोलायचं, असं ठरवलं.

पहिला धडा आमच्या गल्लीतल्या काळूने दिला. महिनाभर मी उभ्यानेच त्याचे फोटो काढत होते. प्रत्येकात मोठं डोकं, खाली चिमुकले पाय आणि काळ्याऐवजी राखाडी कुत्रं. राखाडी का, ते पुढे समजलं. समोर सगळं काळंच दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. तो आपण हाताने कमी करायचा. मोबाइलवर बोटाने सूर्याचं चिन्ह खाली ओढलं तरी भागतं. पांढऱ्या नुकरा घोड्याला याच्या उलट, उजेड थोडा वाढवायचा, नाहीतर तो मळका येतो.

काळू मात्र कॅमेरा वर केला की जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, तोंड फिरवायचा. मला वाटे झोप आली असेल. ती झोप नव्हती, अवघडलेपण होतं. एकटक रोखलेली काच त्याला रोखलेल्या डोळ्यासारखीच वाटत असणार. मग मी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायला लागले, कॅमेरा मांडीवर, नजर दुसरीकडे. पाचव्या का सहाव्या दिवशी तो येऊन माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडला. तेव्हा काढलेल्या फोटोत त्याच्या पापणीचा केस न् केस दिसतो, आणि बुबुळात आमच्या घराचं उघडं दार.

घोड्याचं मी सारंगखेड्याच्या बाजारात शिकले. तिथल्या माणसांना जनावर कसं दिसलं पाहिजे याची पक्की जाण असते. देवमन, म्हणजे गळ्यावरचा केसांचा भोवरा, कुठे आहे, घोडा पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असलेला, आहे का, रेवाळ, म्हणजे न हिसकता पडणारी जलद चाल कशी, हे ते लांबून सांगतात. मी तोंडासमोर जाऊन फोटो काढत होते, त्यात डोकं ढोलाएवढं आणि मागचा पुठ्ठा शेळीएवढा. एका म्हाताऱ्या घोडेवाल्यांनी हाताला धरून मला दहा पावलं मागे नेलं. म्हणाले, "बाई, खांद्याच्या मागे, पोटासमोर उभ्या राहा. चारही पाय वेगळे दिसू द्या. कान उभे झाले का मग दाबा." आणि त्यांनी चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, डबा हलवला. मारवाडी घोडीचे कान ताठ झाले, टोकं आत वळून एकमेकांना टेकली, कमानीसारखी. अवघे दोन श्वास. ते दोन श्वास मिळवायला सकाळ गेली, आणि ती वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही.

आता माझी चूक सांगते. त्याच संध्याकाळी शेकोटीजवळ बांधलेल्या एका घोडीवर मी फ्लॅश मारला, तोही कपाळासमोर उभी राहून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं त्याला दिसत नाही. अंधारात, न दिसणाऱ्या जागेतून वीज चमकावी तसं तिला झालं. ती मागे उसळली आणि तिला खरारा करणाऱ्या, म्हणजे ब्रशने अंग घासणाऱ्या, पोराच्या पावलावर तिची टाप पडली. पोराने हूं की चूं केलं नाही. पाऊल टम्म सुजलं. फोटोत आला होता तो नुसता हिरवट चमकणारा डोळा. त्यानंतर जनावरावर फ्लॅश वापरला नाही.

आणि दोन पायांवरचा घोडा. तो कसा उभा होतो ते बाजारात फोटोवाल्यांच्या मागे थांबून पाहिलं आहे. "अजून एकदा, नीट आला नाही" असं कुणीतरी म्हणतं, की पुन्हा लगामाला हिसका. दुपारपर्यंत तोंडाच्या कोपऱ्यातला फेस लालसर होतो. काटेरी लगामाला तर १९६५ पासूनच्या नियमांत मनाई आहे, तरी तो दिसतो. मालकांना मी सरसकट दोष देणार नाही. ज्या घोड्याचा फोटो पेपरात आला त्याच्याभोवती गर्दी जमते, आणि पेपरात येतो तो उभा केलेलाच. म्हणून हे पत्र मालकांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

विनंती एवढीच. यंदा वाचकांकडून यात्रेचे फोटो मागवाल तेव्हा चौकटीत दोन ओळी छापा: जनावर दोन पायांवर उभं करून किंवा फ्लॅश मारून काढलेला फोटो घेतला जाणार नाही. कुत्र्यामांजरांना कपडे-चष्मे चढवलेलेही नकोत. आणि फोटोखाली घोड्याच्या किमतीबरोबर त्याला रोज चंदी देणाऱ्या, खरारा करणाऱ्या माणसाचं नावही, त्याला विचारून, द्या.

सोबत माझा एक फोटो पाठवते आहे. पहाटे काढलेला, तापीवर धुकं आहे, घोडी चारही पायांवर उभी आणि तिच्या पोटाखालून शिंगरू बघतंय. जागा असेल तर छापा. तिला सांभाळणाऱ्या भाऊंनी एक प्रत मागितली होती, ती मी मोठी करून घेतली आहे आणि दत्तजयंतीला त्यांना नेऊन देणार आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, दोंडाईचा