तळणीच्या तेलाचे डिझेल : घरी नव्हे, तालुक्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खनिज तेलाचे भाव चढू लागले की घरच्या घरी तळणीच्या तेलापासून बायोडिझेल करण्याच्या कृती मोबाइलवर फिरू लागतात. ऑक्टोबर २०२१मध्ये मुंबईत डिझेलने लिटरमागे शंभरी ओलांडली तेव्हा त्या फिरल्या होत्या, आणि आता पुन्हा गावातील दोन-तीन ट्रॅक्टरवाले माझ्याकडे चौकशीला येऊन गेले. मी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. त्या वर्षी धाकट्या भावाच्या विहिरीवरील डिझेल इंजिनासाठी हे इंधन मी स्वतः करून पाहिले होते, म्हणून हे पत्र.

कृतीतले रसायनशास्त्र खरे आहे. पॅरिसच्या १९००च्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. (दरवर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, हा प्रयोग १८९३चा म्हणून सांगितला जातो. त्या दिवशी रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले इंजिन ऑग्सबर्गला चालले हे खरे, पण त्यात शेंगदाण्याचे तेल नव्हते.) खाद्यतेल आजच्या इंजिनाला फार दाट पडते. म्हणून त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून त्याचे पातळ एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, करावे लागते. दहा किलो तेलाला साधारण एक किलो मिथेनॉल खर्ची पडते आणि दहा किलो इंधनाबरोबर किलोभर ग्लिसरीन उरते. प्रत्यक्षात मिथेनॉल याच्या जवळजवळ दुप्पट घालावे लागते, नाहीतर क्रिया अर्धवट राहते.

मिथेनॉल बाळगण्याचा परवाना असलेल्या एका मित्राच्या शेडमध्ये आम्ही हा उद्योग केला. बसस्थानकाजवळच्या वडेवाल्याचे काळपट तेल मलमलच्या फडक्यातून गाळले, पाणी उडून जाईपर्यंत तापवले, त्याची आम्लता मोजली आणि ५५ अंशांवर तासभर ढवळले. सकाळी डब्याच्या तळाशी कोऱ्या चहासारखे ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचे इंधन पाहून भाऊ हरखून गेला. दुसऱ्या घाण्यात मात्र तेलात पाणी राहून गेले आणि सगळ्याचा साबण झाला. तिसऱ्या वेळेपर्यंत वडेवाल्याने तेलाचे पैसे मागायला सुरुवात केली, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. इंजिन चालले, धूर कमी झाला, मळ्यात भजी तळल्याचा वास सुटला. पण निफाडची डिसेंबरातली थंडी पडताच इंधन डब्यातच थिजले आणि फिल्टर चोंदला, कारण ते तेल पामोलिन होते आणि पामतेलाचे बायोडिझेल दहा-पंधरा अंशांच्या दरम्यानच गढूळ होऊन घट्ट होऊ लागते.

या प्रयोगात माझ्या लक्षात आलेली गोष्ट कृतीच्या चित्रफितींत कुठेच सांगत नाहीत. आपले पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येते, आणि मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून बनते व बहुतांशी आखातातून आयात होते. ज्याला आपण ‘घरचे’ डिझेल म्हणतो, त्यातल्या दोन्ही मुख्य जिनसा बोटीतून आलेल्या असतात. आणि मिथेनॉल म्हणजे काही रॉकेल नव्हे. त्याची ज्वाला उजेडात दिसत नाही, ते कातडीतून शरीरात शिरते, आणि जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे दगावली ती दारूतल्या मिथेनॉलमुळेच. जिथे मुले खेळतात त्या पडवीत वीस लिटरचा असा कॅन ठेवावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

तरीही वापरलेले तेल वाया जाऊ द्यावे असे नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ज्या तेलात ध्रुवीय घटक (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारे बिघडलेले पदार्थ) २५ टक्क्यांवर गेले ते पुन्हा वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते. आमच्या बाजारपेठेत एवढे तेल वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकीच्यांचे तेल कढईत भर घालत संपते, नाहीतर मोठ्या हॉटेलातून हातगाडीवर पोहोचते. ते गोळा करायला आपल्याकडे तयार वाट आहे : दूध संकलनाची. गावोगाव रोज फिरणाऱ्या गाडीला आठवड्यातून एकदा तेलाचे सीलबंद कॅन, दुधापासून पूर्ण वेगळे ठेवून, नेणे अवघड नाही. पुढची प्रक्रिया ज्या साखर कारखान्यांकडे आसवनी (मळीपासून अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी) आहे त्यांनी करावी. तिथे वाफ असते, प्रयोगशाळा असते, ज्वालाग्राही अल्कोहोल परवान्याखाली हाताळण्याची सवय असते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी निर्जल इथेनॉल तिथेच तयार होते. मिथेनॉलऐवजी ते वापरता येते. ग्लिसरीन वेगळे करणे मग जरा किचकट होते, पण प्रशिक्षित रसायनज्ञाला ते जमते आणि आखाताचा संबंध तुटतो.

२०१८च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. पेट्रोलमधील इथेनॉल २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले, पण बायोडिझेल अजून एका टक्क्यापर्यंतही गेलेले नाही. इथेनॉलच्या मागे ऊस आणि कारखाना उभा होता, तळणीच्या तेलाच्या मागे कोणीच नाही, एवढाच मला यातला फरक दिसतो. आधीच्या धोरणात मोगली एरंडाकडून (जट्रोफाकडून) अशीच मोठी अपेक्षा होती. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय त्याने पुरेसे बी दिले नाही.

ज्यांना घरीच काही करायचे आहे त्यांनी द्रवइंधनाचा नाद सोडावा. विहिरीवरच्या इंजिनाला सौर पंप हा पर्याय आहे, आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्केच भरावे लागतात. चार-पाच जनावरांच्या पन्नास किलो शेणावर दोन घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र चालते. त्यातून पंधरा-सोळा दिवसांत एका सिलिंडरइतका गॅस मिळतो आणि स्लरी शेताला जाते. जनावरे नसतील त्यांच्यासाठी पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारे लहान संयंत्र विकसित केले, त्याला २००६ साली शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेण हे जनावराने आधीच पचवलेले असते, म्हणून त्यापेक्षा शिळी भाकरी जास्त गॅस देते, हा त्यामागचा साधा विचार. उरला तो ट्रॅक्टर. त्याला मात्र द्रवइंधन लागतेच, आणि ते तपासून, प्रमाणात मिसळलेले असले पाहिजे, नाहीतर इंधनपंपाचा खर्च वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त येतो.

आमच्या कारखान्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय ठेवावा असा अर्ज आम्ही काही सभासद देत आहोत. राज्यात कुठे सहकारी पातळीवर तळणीचे तेल गोळा करण्याचा प्रयत्न झाला असल्यास तेथील वाचकांनी, तो फसला असला तरीही, आपला अनुभव या सदरातून कळवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
निफाड, जि. नाशिक