दुडकीवर बसायचं कसं: मंदारला पत्र

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

जर्मनीतल्या हानोवरहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. घोडेस्वारी शिकायला लागून चार महिने झाले, ट्रॉटवर, म्हणजे आपल्या दुडकीवर, अजून पोत्यासारखा आपटतोस, मांड्यांच्या आतली कातडी सोलवटली आहे आणि शिक्षिका रोज तेच ओरडते, ही तुझी तक्रार. त्यात नवल काहीच नाही. ड्रेसाज, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरावीक चाली करून घ्यायची घोडेस्वारी, शिकणाऱ्या प्रत्येकाला हा घाट चढावाच लागतो. तुझा घोळ मात्र आपल्या भाषेनेही थोडा वाढवला असावा. आपण ‘घोड्यावर मांड ठोकली’, ‘मांड घट्ट हवी’ असं ऐकत मोठे झालो. म्हणून खोगिरावर बसलं की गुडघे आपोआप आवळले जातात. ड्रेसाजमध्ये सगळं तिथेच बिघडतं.

गुडघा आवळला की मांडीचा चिमटा होतो आणि चिमट्यातून बूड वर निसटतं. पोटरी मागे जाते, टाच वर येते, रिकीब (पाय ठेवायची कडी) सुटते. तोल सावरायला हात लगामावर जातो. घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, तो पाठ कडक करतो, आणि कडक पाठीवर तू आणखी आपटतोस. म्हणजे हाताची चूक दिसते ती मुळात गुडघ्याची असते. ‘हात स्थिर ठेव’ असं नुसतं सांगून म्हणूनच काही उपयोग होत नाही.

दुडकी दोन ठेक्यांची. तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात, मग क्षणभर चारही पाय हवेत, मग दुसरी जोडी. मिनिटाला साधारण 75 ते 80 आवर्तनं धरलीस तर पाठ दीडशेच्या वर उसळ्या घेते. ती दोन्ही बाजूंनी एकसारखी हलत नाही. उजवा मागचा पाय पुढे झेपावतो तेव्हा पाठीची उजवी बाजू खाली जाते, मग डावी. बुडाखालची दोन हाडं याच लयीत आळीपाळीने खाली जायला हवीत. सायकलची पेडलं उलटी, मागच्या दिशेने मारल्यासारखी ही हालचाल असते. कमरेचा हा भाग सैल हवा आणि पोट-पाठीचा भाग ताठ, दोन्ही एकाच वेळी. शरीराला ही विभागणी ठाऊक नसते. ते एक तर सगळं आवळतं, नाही तर सगळं सोडतं.

यावर मला एकच खरा उपाय माहीत आहे: लाँजवरचा, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावरचा, तास. तुमच्याकडे त्याला ‘झिट्सलाँज’ म्हणतात. घोड्याची दोरी शिक्षिकेच्या हातात, तुझ्याकडे लगाम नाही, रिकिबी नाहीत. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवशिक्यांची सुरुवात अशीच होते. आठवड्यातला एक तास तरी असा माग. वीस-पंचवीस मिनिटं भरपूर झाली. त्यानंतर स्नायू थकतात आणि थकलेला स्नायू परत आवळायलाच लागतो. बाहेरच्या हाताने खोगिराची पुढची कमान धरून स्वतःला हळूच खाली ओढ. दुडकी सुरू झाली की चार पावलं बस, मग उठत-बसत, म्हणजे तुमचं ‘लाइश्टट्राबेन’, मग पुन्हा चार पावलं बस. पाचव्या पावलाला आपटतोयस असं वाटलं तर चौथ्यालाच ऊठ. आपटत पूर्ण फेरी काढलीस तर शरीर फक्त आपटणंच शिकतं, आणि घोडा पाठ चोरायला शिकतो.

रिकिबी लांब केल्या आहेस असं लिहिलंस. ती घाई वाटते. पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीची पाऊल टेकवायची पट्टी घोट्याच्या हाडापाशी आली पाहिजे. त्याहून खाली असेल तर तू बोटांनी तिला शोधत बसतोस आणि बूड एका बाजूला सरकतं. एक-दोन भोकं वर घे. आणि ‘टाच खाली’ म्हणजे टाच खाली दाबणं नव्हे. दाबली की घोटा कुलूपबंद होतो, पाय पुढे सरकतो, तू खुर्चीत बसल्यासारखा मागे राहतोस. वजन पायातून उतरू दिलं की टाच आपणच खाली जाते. बाजूने कोणाकडून फोटो काढून घे: कान, खांदा, कंबरेचं हाड, टाच एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. हनुवटीही बघ. डोकं पाचेक किलोचं. खाली बघितलंस की ते सगळं वजन घोड्याच्या खांद्यांवर जातं.

दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या जांघा पुढून आखडलेल्या असतात. ड्रेसाजला नेमका त्याच जागी मोकळेपणा लागतो. एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर पुढे न्यायची, प्रत्येक बाजूला तीस-तीस सेकंद, तीनदा. बद्धकोणासन रोज. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच खाली सोडायची, घोटा सैल होतो. जेवायला जमिनीवर मांडी घालून बसत जा, तिथले लोक काय म्हणतील ते म्हणोत.

वर्तुळ नीट येत नाही हे रडगाणंही तेच. मैदानाच्या कडेला A, K, F अशी अक्षरं खुणेला असतात, आणि X म्हणजे मैदानाचा मध्य. तुमच्या 20 बाय 40 मीटरच्या मैदानात A पाशी 20 मीटरचं वर्तुळ काढलंस तर घोडा A ला, मग K च्या पुढे चार मीटरवर लांब भिंतीला, मग X ला, मग समोरच्या भिंतीला F च्या चार मीटर अलीकडे लागला पाहिजे. परीघ सुमारे 63 मीटर, पाव वर्तुळ 16 मीटरच्या आत. प्रत्येक पाव भागात पावलं मोज. X कडच्या दोन भागांत जास्त भरली तर घोडा बाहेर पसरतोय. कारण तू आतला लगाम ओढतोस: मान आत वळते, बाहेरचा खांदा निसटतो. बाहेरचा लगाम धर, बाहेरची पोटरी जवळ ठेव आणि नजर पाव वर्तुळ पुढे.

आता ‘हाल्बे पाराडं’, म्हणजे घोड्याला क्षणभर सावरून सावध करायचा इशारा. दोनच पावलांचं काम: पाठ उंच, मांडी क्षणभर बंद, बाहेरची मूठ ओलं फडकं पिळल्यासारखी, आणि मग सोडायचं. सगळे सोडायला विसरतात. इशाऱ्याने घोडा काही करतो, पण समजतो तो सुटकेने. त्याने उत्तर दिल्यावरही पाय मारत राहिलास, मूठ आवळून ठेवलीस, तर त्याच्या लेखी तुझ्या इशाऱ्याला अर्थच उरत नाही. शाळेतले घोडे सुस्त म्हणतात ना, त्यातले बरेच असे सुस्त केलेले असतात.

मनाचा भाग खरा इथे आहे. ‘आब्झेत्सं टीफ! हेंडं रुइश!’ (टाचा खाली! हात स्थिर!) हे शिक्षिकेचं ओरडणं तू आधी मनात मराठीत आणतोस, तोवर कोपरा मागे पडलेला असतो. तासाआधी शिक्षिकेकडून दहा शब्द लिहून घे आणि पायी चालत त्यांच्यावर शरीराला सवय लाव. एका तासाला एकच गोष्ट ठरव, उदाहरणार्थ ‘आज फक्त श्वास’. श्वास रोखला की कंबर बंद होते, म्हणून मोठ्याने आकडे मोज किंवा गुणगुण. कोणी ऐकलं तर ऐकू दे. उतरल्यावर तीन ओळी लिही: काय केलं, घोड्याने काय उत्तर दिलं, कधी. तीन आठवड्यांनी चाळलंस की जे अंगाला कळत नाही ते कागदावर दिसतं.

पहिल्या चाचणीत 58 टक्के पडले म्हणून लाज वाटते म्हणतोस. गुणांचा मोजपट्टा बघ, प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण: 5 म्हणजे कसंबसं, 6 म्हणजे समाधानकारक. आपला ड्रेसाजपटू अनुष अगरवाला तू आहेस त्याच जर्मनीत पाडरबोर्नजवळ प्रशिक्षक ह्युबर्टस श्मिट यांच्याकडे वर्षानुवर्षं तयार झाला, 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय चमूत होता, आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याला 66.444 टक्के मिळाले. परीक्षेचा स्तर आभाळाएवढा वेगळा, पण परीक्षकांचा हात किती आखडता असतो ते कळेल.

सोलवटलेल्या कातडीचं कारण बहुधा विजारीची शिवण. बिनशिवणीची घे, नाहीतर आत सायकलची चड्डी घाल. आणि पुढच्या पत्रात खोगिराबद्दल लिही: बैठक किती इंची आहे, आणि तू बसल्यावर तुझ्या मागे तळहात मावेल एवढी जागा उरते का? उरत नसेल तर यातलं निम्मं तुझं नव्हे, खोगिराचं आहे.

तुझा,
सुहास