मन्याला पत्र : ख्रिस्ती संपली, आता क्रॉफ्ट्स

प्रिय मन्या,

अगाथा ख्रिस्तीची सगळी पुस्तकं झाली, आता त्याच काळातलं काय वाचू, असं विचारलंयस. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स घे. १९३० साली लंडनच्या रहस्यकथाकारांनी डिटेक्शन क्लब काढला, त्याचा हा सुरुवातीपासूनचा सभासद. पुढे १९७२ मध्ये समीक्षक ज्युलियन सायमन्सने त्याला आणि त्याच्या जातकुळीच्या लेखकांना 'हमड्रम' म्हटलं. हमड्रम म्हणजे आपल्या भाषेत रटाळ. तो शिक्का काही सुटला नाही. अगदीच खोटा आहे असंही नाही, पण क्रॉफ्ट्स ख्रिस्तीसारखा वाचायला गेलं की जास्त रटाळ वाटतो.

गडी रेल्वेतला इंजिनिअर, आयर्लंडच्या उत्तरेकडचा. १९२९ पर्यंत नोकरी सांभाळून लिहीत होता. त्यामुळे त्याच्या गोष्टी वेळापत्रकावर चालतात. ख्रिस्तीकडे 'कोणी केलं' हा प्रश्न शेवटपर्यंत ताणतो, तर इथे पुस्तक निम्मं होईतो संशय एकावर येऊन ठेपतो आणि खरी गंमत तिथून सुरू होते. खुनाच्या वेळी हा माणूस भलतीकडेच होता, तसे साक्षीदारही आहेत, मग जमवलं कसं? क्रॉफ्ट्सचा डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर फ्रेंच गाड्यांच्या वेळा, हॉटेलांची रजिस्टरं, पावत्या एकेक करून तपासत बसतो. तू एक कागद घे आणि तीन रकाने आख : कोण म्हणतं, किती वाजता, आणि त्याला दुजोरा कोणाचा. तिसरा रकाना जिथे कोरा राहील किंवा दुजोरा एकट्या माणसाचाच असेल, तिथे पेन्सिलीने खूण कर. वाचन संथ होईल, पण झोपताना दहा पानं वाचायचं हे पुस्तकच नव्हे. वेळा विसरलास की सगळं पाणी.

सुरुवात 'द १२.३० फ्रॉम क्रॉयडन'ने (१९३४) कर. इथे खुनी कोण ते लवकरच कळतं, त्यामुळे थोडं सांगितलं तर रसभंग नाही. मंदीत कारखाना बुडायला आलेला पुतण्या, पैसेवाला म्हातारा काका. काकाला जेवणानंतर अपचनाची गोळी घ्यायची सवय. पुतण्या हुबेहूब तशीच बाटली मिळवतो, एकाच गोळीत सायनाइड भरतो आणि ती बाटलीत खाली दडवतो. वरच्या गोळ्या संपून तिची पाळी येईल तेव्हा हा दूर समुद्रप्रवासाला गेलेला असणार! म्हणजे वेळेची सोय गोळ्यांच्या संख्येवर. ही आखणी बघताना आपण नकळत पुतण्याचे हिशेब तपासायला लागतो, ही लेखकाची खरी करामत. गुन्हा आधी आणि तपास मागून, हा उलटा घाट मात्र त्याचा नव्हे. ऑस्टिन फ्रीमन या दुसऱ्याच लेखकाने तो १९१२ मध्येच 'द सिंगिंग बोन'मध्ये वापरला होता.

'द कास्क' (१९२०) दुसरं घे. लंडनच्या गोदीत पिंप उतरवताना फुटतं, आतून भुसा, सोन्याची नाणी आणि एका बाईचा हात. सुरुवात झकास, मग मधे पॅरिस-लंडन खेपा जरा लांबतात. तिथे कागद सोडू नकोस.

पुस्तक मिळवताना फसायला होतं. '१२.३०' अमेरिकेत 'विल्फुल अँड प्रिमेडिटेटेड' या नावाने निघालं, तेव्हा एकच पुस्तक दोनदा घेशील. ब्रिटिश लायब्ररीच्या आवृत्त्या चांगल्या, पण कोणतीही प्रस्तावना शेवटी वाच. स्कॅन करून छापलेल्या स्वस्त प्रतींत नकाशे गळतात, आणि ३ चा ८ झाला तर सगळी ॲलिबीच, म्हणजे 'तेव्हा मी तिथे नव्हतोच' हा पुरावा, कोसळते. क्रॉफ्ट्स १९५७ मध्ये गेला आणि आपल्याकडे पुस्तकाचे हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, म्हणून २०१८ पासून तो इथे मुक्त आहे. ब्रिटनमध्ये ७० वर्षं. तुझ्या लंडनच्या भावाला फुकट प्रतीसाठी २०२८ उजाडायची वाट बघावी लागेल.

तुझा,
सदा

ता. क. : बर्फात अडकलेली गाडी हवी असेल तर जेफरसन फार्जनचं 'मिस्टरी इन व्हाइट' (१९३७). २०१४ मध्ये पुन्हा छापलं तेव्हा ख्रिसमसला धडाक्यात खपलं. सुरुवात शेवटापेक्षा सरस. आणि त्याच काळातली रहस्यकथाकार ई. सी. आर. लोरॅक म्हणजेच कॅरोल कार्नॅक, टोपणनावं दोन, बाई एकच. शोधताना दोन्ही नावं टाक.