टू-वे मिररऐवजी साधी आरसा-शीट पाठवून परत घेण्यास नकार दिल्याबाबत तक्रार

दिनांक : 14 जुलै 2025
फलटण, जि. सातारा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 2 जून 2025 च्या ऑर्डरमध्ये चुकीची शीट व कमी क्षमतेचा अ‍ॅडॉप्टर मिळाल्याबाबत.

महोदय / महोदया,

मी फलटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. 2 जून रोजी तुमच्या संकेतस्थळावरून मी स्वतःच्या नावे दोन वस्तू मागवल्या : 2 फूट बाय 2 फूट, 3 मि.मी. जाडीची ‘टू-वे मिरर अ‍ॅक्रिलिक शीट’ (आरशासारखी दिसणारी, पण थोडा प्रकाश आरपार जाऊ देणारी प्लास्टिकची शीट) 1,850 रुपयांना आणि 5 मीटर एलईडी पट्टी, 12 व्होल्ट 5 अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरसह, 940 रुपयांना. पार्सलचे 160 धरून 2,950 रुपये आगाऊ भरले. पार्सल 10 जूनला मिळाले. आलेली शीट टू-वे नाही आणि अ‍ॅडॉप्टर 5 अँपिअरचा नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने मला सांगितले, “मॅडम, आरसा तर आरसाच आहे ना.” म्हणून हे सामान कशासाठी होते ते सविस्तर लिहिते.

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी फलटणला मुक्कामी असते. आमची मुले लहानपणापासून ती पाहत आली आहेत. दिंडी समोरून जाऊ लागली की तिचे टोक दिसत नाही. हे ‘न दिसणारे टोक’ दाखवायचे असे आठवी-नववीच्या 14 मुलांनी ठरवले. 4 इंच खोलीची प्लायची पेटी, मागे साधा आरसा, पुढे टू-वे मिरर, आतल्या चारही कडांना एलईडी पट्टी आणि मधोमध शाडूच्या नऊ वारकऱ्यांची एकच रांग. आतला उजेड दोन आरशांत पुन्हा पुन्हा उलटत राहतो आणि दर फेरीला थोडासा पुढच्या आरशातून बाहेर येतो. बाहेर उभ्या माणसाला दर 4 इंचांवर मागे आणखी एक रांग दिसते, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा जरा मंद, अशी ती आत खोल जात राहते. गंमत अशी की पहिली रांग आपल्याकडे तोंड केलेली, दुसरी पाठमोरी, तिसरी परत तोंड केलेली. हे कळल्यावर मुलांनी प्रत्येक वारकऱ्याची पाठही तितक्याच मन लावून रंगवली. एकाने खांद्यावरच्या पडशीचा बंद काडेपेटीतल्या काडीच्या टोकाने काढला. डोक्यावर तुळस घेतलेल्या बाईच्या नऊवारीचा काष्टा तीनदा पुसून चौथ्यांदा नीट जमला. ही सगळी पाठीमागची मेहनत दिसणार होती ती केवळ पुढच्या एका शीटमुळे.

शाळा 16 जूनला सुरू झाली. 21 जूनला पेटी जोडायला घेतली आणि शीटच्या दोन्ही बाजूंची पांढरी फिल्म काढली. समोरून लखलखीत आरसा निघाला. मागून निघाला राखाडी रंगाचा जाड थर. एक मुलगी म्हणाली, “बाई, हा पण सोलायचा का?” मी नखाने खरवडून पाहिले, तो थर सोलण्याचा नव्हताच, साध्या आरसा-शीटच्या पाठीला असतो तो रंग होता. मोबाइलचा टॉर्च मागे अगदी टेकवून धरला, तरी पलीकडे ठिपकाही उमटला नाही. टू-वे मिररला पाठीवर रंग नसतो. त्याच्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की थोडा प्रकाश उलटतो आणि थोडा आरपार जातो. तुम्ही पाठवलेली शीट पेटीवर लावली असती, तर आतले नऊही वारकरी अंधारात झाकले गेले असते.

अ‍ॅडॉप्टरची बाब तर धोक्याची आहे. तुमच्या पानावर पट्टीचा वापर मीटरला 14.4 वॅट दिला आहे. आमच्या पेटीच्या चार कडा मिळून 8 फूट, म्हणजे सुमारे 2.4 मीटर, त्याला साधारण 35 वॅट लागतात. 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर 60 वॅट देतो, म्हणूनच मी तो संच निवडला. खोक्यावर 5 अँपिअरचे स्टिकर आहे, आतल्या अ‍ॅडॉप्टरवर मात्र 2 अँपिअर छापले आहे, म्हणजे जेमतेम 24 वॅट. दहा मिनिटांत तो हात लावू नये इतका तापला आणि पट्टी लुकलुकू लागली. मी लगेच बटण बंद केले. त्या वेळी पेटीभोवती मुले उभी होती.

22 जूनला मी फोटो आणि टॉर्चच्या चाचणीचा व्हिडिओ जोडून ईमेल केला. उत्तर आले 27 जूनला : फिल्म काढली आहे आणि 7 दिवस उलटले आहेत, म्हणून माल परत घेता येणार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. अ‍ॅक्रिलिकवर पटकन चरे पडतात, म्हणून त्याची फिल्म जोडणीच्या दिवसापर्यंत काढत नाहीत. आणि ती काढल्याशिवाय शीट टू-वे आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. मग ग्राहकाने तपासायचे कधी? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणेही त्याच नियमांत बंधनकारक आहे. माझ्या ईमेलची 48 तासांत पोच मिळाली नाही, थेट पाच दिवसांनी हा नकार आला.

आषाढीच्या आदल्या दिवशी, 5 जुलैला, शाळेत प्रदर्शन होते. गाडीच्या काचांना फिल्म लावणाऱ्या कारागिराकडून साध्या काचेवर आरसा-फिल्म बसवून घेतली, त्याचे 700 रुपये झाले. स्थानिक दुकानातून 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर 450 रुपयांना घेतला. कारागिराने जीव ओतून काम केले, पण घाईत फिल्मखाली बुडबुडे राहिले. दिंडी चार-पाच रांगांपर्यंत दिसली आणि पुढे धूसर झाली. पालक कौतुक करत होते, मुले मात्र काचेला नाक लावून सहावी रांग शोधत होती.

माझी मागणी अशी : मूळ 2,950 रुपये आणि वर झालेले 1,150, असे एकूण 4,100 रुपये परत करावेत आणि शीट व अ‍ॅडॉप्टर तुमच्या खर्चाने घेऊन जावेत. दोन्ही वस्तू मी जपून ठेवल्या आहेत. ती शीट ‘टू-वे’ या नावाखाली विकणे थांबवावे आणि कमी क्षमतेचे अ‍ॅडॉप्टर ज्या ज्या ग्राहकांना गेले असतील त्या सर्वांना तातडीने कळवावे. हे शेवटचे काम पैशांच्याही आधी व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत बिलाची प्रत, दोन्ही वस्तूंचे फोटो, तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट, कारागिराची व दुकानाची पावती आणि 27 जूनचे तुमचे उत्तर जोडले आहे.

आपली,
एक ग्राहक व कलाशिक्षिका