शेकोटी असावी, पण कचऱ्याची नको

महोदय,

मार्गशीर्ष लागला की पुण्यातली पहाट बदलते. १८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर कानटोपी घातलेले आजोबा आणि रात्रभर अभ्यासिकेत जागलेली परगावची मुले एकाच वाटेने चढताना दिसतात आणि खाली उतरल्यावर एकाच टपरीवर चहासाठी थांबतात. आमच्या घरी शिकायला राहिलेला भाचा सोलापूरकडून ज्वारीचा हुरडा आणतो, त्या रविवारी त्याचे निम्मे वसतिगृह आमच्या गच्चीवर जमते, आणि शेंगदाण्याची चटणी कधीच पुरत नाही (हे सौभाग्यवतींचे निरीक्षण, माझे नव्हे).

या सुखात खुपते ते एकच. रात्री रस्त्याच्या कडेला पेटणाऱ्या शेकोट्यांत लाकडाऐवजी पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि प्रसंगी जुने टायर जाळले जातात. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार राहत असल्याने धूर वर न जाता तिथेच साचतो, आणि पहाटे फिरायला निघालेल्यांच्या छातीत जातो. दम्यामुळे माझे टेकडीवर जाणे गेल्या महिन्यात दोनदा चुकले.

रात्रभर उघड्यावर बसणाऱ्या पहारेकऱ्याला दोष देणे मात्र मला पटत नाही. त्याला जाड स्वेटर, घोंगडी आणि बसायला आडोसा देणे सोसायट्यांना सहज परवडेल. पाचोळ्याचे खत करण्याची व्यवस्था महापालिकेने प्रत्येक प्रभागात करावी, ही विनंती.

– एक ज्येष्ठ नागरिक, पुणे