तिसऱ्या मित्राची कादंबरी कोणी लिहावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत एका बाकावर बसणारे दोन मित्र, पुढे एक पोलीस आणि दुसरा गुन्हेगार. अशा कादंबऱ्या मी आवडीने वाचतो, पण त्या बहुतेक मुंबईतच घडतात. चाळ, टोळी, शेवटी चकमक. माझं ठाम मत आहे की ही गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात जास्त खरी उतरेल.

इथे 1975 पासून दारूबंदी आहे. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती, यवतमाळ. तिकडे दुकानं उघडी. पेट्या तिकडून येतात, आणि इकडे नाल्याकाठी दारू गाळायला मोहाचा सडवा ड्रममध्ये आंबत असतो. कपाशीत काही उरलं नाही की एखादा पोरगा या धंद्यात पडतो. त्याच्याच वर्गातला दुसरा पहाटे डांबरी रस्त्यावर धावून पोलीस भरतीत निघतो. शिपायांची भरती जिल्हानिहाय होत असल्यानं तो फार दूर जात नाही. ठाणेदार बाहेरचा असतो, पण सडव्यापर्यंत जाणारी पांदण याच्या पायाखालची. लेखकाला योगायोग जुळवावाच लागत नाही.

मला मात्र खरं नाट्य तिसऱ्या मित्राचं वाटतं. छाप्याच्या पंचनाम्याला गावातले दोन पंच, म्हणजे साक्षीदार, लागतात. वावरातून परतणाऱ्या या तिसऱ्याला पोलिसांची जीप थांबवते, "भाऊ, एक सही करून दे." पकडलेला दोस्त, सही मागणाराही दोस्त. काही वर्षांनी तारीख लागते, तेव्हा हाच पंच "कोऱ्या कागदावर सही घेतली" म्हणून फितूर होतो आणि आरोपी सुटतो. गाव तेवढंच, तिघांना रोज एकमेकांसमोरून जायचं असतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यानं, झडतीचं चित्रीकरण बंधनकारक केलं. त्यात पंचाचा चेहराही आला, तर साक्ष फिरवणं किती अवघड! या पेचावर अख्खी कादंबरी उभी राहील.

आणि आरोपीची आई? अड्डे बंद करायला निघणाऱ्या महिला मंडळात तीही असू शकते. तिला डोळे पुसण्यापुरतं ठेवू नये.

विदर्भात लिहिणाऱ्या तरुणांची कमी नाही. त्यांनी तालुक्याच्या कोर्टात साक्षी ऐकत बसावं. आपण रविवार पुरवणीत अशा कादंबरीला क्रमशः जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा